एकाच डब्यात भाजलेले दोन कॅम

तुळशीराम मिस्त्री गेल्याचं पोस्टकार्ड माझ्या हातात पडलं तेव्हा त्यांना जाऊन अकरा दिवस झाले होते. कार्ड आधी माझ्या जुन्या पत्त्यावर गेलं, तिथल्या डाकवाल्यानं पत्ता खोडून ते पुढे धाडलं आणि असं फिरत फिरत ते अमरावतीला आमच्या दारात आलं. कोपरा फाडलेला होता. म्हणजे कुणीतरी गेलं हे वाचण्याआधीच कळलं होतं, कोण ते वाचायचं राहिलं होतं. असली कार्डं घरात न्यायची नाहीत, बाहेरच वाचून फाडायची, ही इंदूच्या माहेरची रीत. आणि इंदूचं माहेर म्हणजे आमच्या घरातलं सर्वोच्च न्यायालय. पण मी ते कार्ड फाडलं नाही. जनावरांच्या औषधांच्या एका जाड पुस्तकात घालून ठेवलं. यावरून आमचं दोन दिवस वाजलं, मग कुणाचं कार्ड आहे हे नीट ध्यानात आल्यावर इंदू गप्प झाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मिस्त्रींनी तिला एकदा घाट चढवला होता, आणि ती ते विसरली नव्हती.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा मी चिखलीला ढोरांचा डॉक्टर म्हणून रुजू झालो. दवाखाना एका खोलीचा, आणि रोगी मात्र चहूकडच्या खेड्यांत विखुरलेले. बैल अडला, म्हैस फुगली की माणूस सायकलवर धावत यायचा आणि मला लगेच निघावं लागायचं. म्हणून डोणगावच्या एका देशमुखांकडून मी एक जुनी फटफटी घेतली. लढाईच्या काळातली, साडेतीनशे सी.सी.ची, इंग्रजी बनावटीची. दिसायला रेड्यासारखी दणकट, पण चढ दिसला की धाप लागायची. सासुरवाडी सोनाळ्याची. जाताना राजूरचा घाट उतरायचा, तेव्हा काही नाही. येताना मात्र अर्ध्या घाटात इंजिन आचके द्यायला लागायचं आणि इंदूला खाली उतरून पायी चढावं लागायचं. एस.टी.तले लोक खिडकीतून बघायचे. एकदा वर पोचल्यावर पदरानं घाम पुसत ती म्हणाली, "याच्यापक्षा बंडी बरी. बैल त मले उतर म्हनत नाई." दुसऱ्याच दिवशी मी फटफटी घेऊन मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्री एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. दिवाळीपासून होळीपर्यंत कापसाचा हंगाम, तेव्हा ते रविवारखेरीज फारसे दिसायचे नाहीत. बाकीचे महिने घरामागच्या पत्र्याच्या छपरीत लोकांची ऑइल इंजिनं, शिवणयंत्रं, चक्क्या दुरुस्त करत बसायचे. मूळ घर शेतकऱ्याचं, भाऊ शेती बघायचा, यांना लोखंडाचा नाद. खाकी अर्धी विजार, डोक्यावर टोपी, आणि टोपीच्या घडीत नेहमी एक पेन्सिल. चांगला मिस्त्री म्हणजे इंजिनाला कान लावून रोग सांगणारा, असं आपण मानतो. मिस्त्रींना कानाचं हे कौतुक मुळीच मान्य नव्हतं. "कान आपल्या मनातलंच आयकते, डॉक्टर," असं ते म्हणायचे. त्यांना प्रत्येक गोष्ट मोजून, कागदावर उतरवून हवी असायची, आणि मोजायला यंत्र नसेल तर ते स्वतः तयार करायचे. मी आयुष्यात बरेच शिकलेले लोक पाहिले, पण स्वतःच्या मतावर इतका संशय घेणारा माणूस दुसरा पाहिला नाही.

फटफटीचं त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला कॅम म्हणजे काय ते एका वांग्यावर दाखवलं. इंजिनात दोन झडपा. एक पेट्रोलची वाफ आत घेते, दुसरी धूर बाहेर टाकते. प्रत्येक झडपेखाली एक पोलादी तुकडा फिरतो, एका बाजूला निमुळती चोच असलेला. चोच वर आली की झडप उघडते. चोच जितकी उंच तितकी झडप जास्त उघडणार, तितका इंजिनाचा श्वास मोठा. त्यांनी दोन्ही कॅमचा पोटाकडचा, म्हणजे चोचीच्या उलट बाजूचा, भाग घासून कमी केला, म्हणजे तेवढी चोच उंच झाली. पण घासलं की वरची कडक साल जाते आणि आत मऊ पोलाद उरतं. ती साल परत चढवण्यासाठी त्यांनी लोखंडी डबा घेतला, त्यात शिंगांचा चुरा, जळक्या चामड्याचे तुकडे आणि कोळसा भरला, मधोमध दोन्ही कॅम ठेवले, झाकण चिखलानं लिंपलं आणि सकाळपासून दिवस कलेपर्यंत डबा भट्टीत लाल ठेवला. त्या वासानं अर्धी आळी दारं लावून बसली. मंजुळावहिनींनी, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोनं, आधीच सांगून ठेवलं होतं की आज आंघोळ केल्याशिवाय चुलीजवळ यायचं नाही. मिस्त्रींनी लाल कॅम पाण्यात सोडले, पुसले, आणि त्यांवरून रेती, म्हणजे कानस, फिरवून पाहिली. ती काचेवरून घसरावी तशी घसरली. तेव्हा कुठे ते हसले.

पुढच्या खेपेला इंदू घाटात उतरली नाही. दर वळणावर ती "आता उतरू का?" विचारत होती आणि मी "बस" म्हणत होतो. वर पोचल्यावर आम्ही दोघंही उगाचच हसत सुटलो. ही गोष्ट मी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली; बैलाच्या खांद्याला मलम लावता लावता सांगितली. मग ज्यांच्या विहिरीवरच्या इंजिनांचे कॅम झिजले होते ते शेतकरी मिस्त्रींकडे यायला लागले. वर्षाच्या आत त्यांनी नऊ कॅम भाजून दिले. तालुक्यातल्या एका शेतकरी सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर बोलणं लावलं, की सभासदांच्या साऱ्या इंजिनांचं काम तुमच्याकडेच देतो, तुम्ही नोकरी सोडून मेहकर रस्त्याला वर्कशॉप काढा. मिस्त्रींनी जागाही पाहून ठेवली. मला ती दाखवायला घेऊन गेले होते. रिकाम्या प्लॉटवर पेन्सिलीनं हवेतच दाखवत होते, इथं भट्टी, इथं लेथ, इथं बाहेरगावच्या माणसाले बसाले बाकडं... एरवी मोजून बोलणारा माणूस त्या दिवशी बराच वेळ बोलत होता.

आणि इथे माझा प्रताप येतो.

देशमुखांनी फटफटी विकताना एक पुडी सोडली होती, की विलायतेत शर्यतीच्या गाड्यांत एरंडेल घालतात. ती खरी होती हे मला नंतर कळलं. एकदा सोनाळ्याहून निघताना पाहिलं तर तेलाच्या टाकीत तळाशी तेल. इंजिन ऑइल तिथे कुठलं मिळायला? एरंडेलही नव्हतं. सासऱ्यांनी आतून जवसाच्या तेलाची भरलेली बाटली आणली. "घानीचं अस्सल हाय, जावईबापू, टाका बिनघोर." मला वाटलं, तेल ते तेल. एरंडीचं चालतं तर जवसाचं का चालू नये? मी पदवीधर माणूस, जनावराच्या पोटात कोणतं तेल द्यायचं आणि कोणतं नाही हे परीक्षेत लिहून पास झालेला. फटफटी नेहमीसारखी पळाली, म्हणून पुढच्या दोन-तीन खेपांनाही तेच केलं. सासऱ्यांनाही आपलं तेल जावयाच्या फटफटीला चालतं याचा अभिमान वाटायला लागला होता.

काही महिन्यांनी इंजिनात टिकटिक सुरू झाली. मिस्त्रींनी झडपेचं अंतर जुळवून दिलं, आठ दिवसांत पुन्हा टिकटिक. पुन्हा जुळवलं, पुन्हा तेच. ताकदही उतरली, घाटात इंदू परत पायी. गावात बोलणं व्हायला वेळ लागला नाही. मिस्त्रीचा कॅम मऊ निघाला, शिंगाचा चुरा भरून कुठं पोलाद पिकते का... ज्यांच्या विहिरीवर ते नऊ कॅम फिरत होते त्यांतले दोघं-तिघं घाबरून आले. गहू ओंबीवर आलेला, पाणी तोडून चालणार नव्हतं. सोसायटीचे सेक्रेटरीही निरोप देऊन गेले, की रविवारी इंजिन खोला, आम्ही समोर बसतो, काय ते पाहून वर्कशॉपचं ठरवू. मी मिस्त्रींना म्हटलं, आधी आपण दोघंच खोलून पाहू. ते म्हणाले, "काऊन? माही चूक असन त त्याईले दिसली पायजे. नऊ जनाच्या इहिरीवर माहा माल हाय."

रविवारी सकाळी छपरीत सहा-सात माणसं पोत्यांवर बसली होती. सेक्रेटरी, ते शेतकरी, फॅक्टरीतला एक फिटर आणि मी. मिस्त्रींनी कॅम बाहेर काढायची घाई केली नाही. त्यांनी ज्वारीच्या वाळलेल्या धांड्याची एक लांब काडी घेतली, एका टोकाशी टाचणी खोचून ती खुंटीवर टेकवली. आखूड बाजू झडप उचलणाऱ्या दांडीवर ठेवली आणि लांब टोकाला पेन्सिलीचं शिस बांधलं. समोर पाटीवर कागद. दांडी एक सूत उचलली तर शिस दहा सूत वर जाणार. मग हातानं इंजिन हळूहळू फिरवत, दर खेपेला कागद जरासा सरकवत त्यांनी ठिपके पाडले. ठिपके जोडले तशी कागदावर एक टेकडी तयार झाली. दुसऱ्या झडपेखालीही तसंच केलं. पहिली टेकडी पूर्ण, वर नीट टोक. दुसरीचा माथा बसका, कुणीतरी फावड्यानं कापून नेल्यासारखा. त्यांनी कागद सगळ्यांमधून फिरवला. शेतकऱ्यांनाही विचारावं लागलं नाही.

"पाहा," ते म्हणाले. "आत घेनारा क्याम जसाच्या तसा हाय. धुराचा झिजला. दोन्ही एकाच डब्यात, एकाच भट्टीत भाजले. माहं भाजनं कच्चं असतं त दोन्ही झिजले असते." मग कॅम बाहेर काढले. झिजलेल्या कॅमच्या पोटावर कानस फिरवली, ती घसरली. साल पक्की होती. फक्त चोचीवर ती पार खाल्ली गेली होती. पक्की साल कधी खाल्ली जाते? तेल मिळालं नाही तर. त्यांनी केरसुणीची काडी घेऊन कॅमवर तेल सोडणाऱ्या बारीक भोकांत घातली. एकातून ती आरपार गेली. धुराच्या बाजूचं भोक जास्त तापतं, त्यात काडी अडकून मोडली. तारेनं टोकरल्यावर आतून तपकिरी, डिंकासारखी चिवट साय निघाली. मिस्त्रींनी ती पत्र्यावर ठेवून खाली काडी पेटवून धरली. धूर आला. आमच्या भागात जवसाचा वास न ओळखणारा माणूस मिळायचा नाही. पण पोत्यांवरचे लोक लांब होते. मी बघायला पुढे सरकलो होतो; पत्र्याजवळ आम्ही दोघंच होतो.

त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "डॉक्टर, तेल कोनतं टाकता?"

मला आजही तो क्षण नको वाटतो. सगळे माझ्याकडे बघत होते. सरकारी डॉक्टर, गावाला शहाणपण सांगणारा... मी म्हणालो, "इंजिन ऑइल. दुसरं काय घालणार?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मोजमाप चुकलं की ते जसे त्या वस्तूकडे बघायचे तसे. मग त्यांनी ती साय खाली टाकून पायानं मातीत मिसळली आणि लोकांकडे वळून म्हणाले, "क्यामाले दोष नाई. तुमचे नऊच्या नऊ पक्के हायेत, तुमच्या इंजिनात क्याम तेलात बुडून राह्यते, तुमी बिनघोर पानी द्या. इथं तेलाचं भोक बुजलं. चूक माही हाय." शेतकरी उठले, हसतखेळत गेले. सेक्रेटरी मात्र कागदावरच्या टेकड्या बघत बसले होते. निघताना म्हणाले, "भोकाचंही पाहाले पायजे होतं, मिस्त्री." पंधरा दिवसांनी कळलं की सोसायटीनं काम खामगावच्या एका वर्कशॉपला दिलं. मेहकर रस्त्याच्या त्या प्लॉटवर पुढे कुणीतरी सरकीचं गोदाम बांधलं.

मिस्त्रींनी माझं इंजिन सोड्याच्या उकळत्या पाण्यात धुतलं, धुराचा नवा कॅम भाजून बसवला आणि फटफटी परत करताना एक डबा माझ्या हातात दिला. "हे इंजिन ऑइल संगं ठेवत जा. खेड्यात भेटत नाई." त्यांना कळलं आहे हे मला तेव्हाच कळलं. तरी मी बोललो नाही. उद्या सेक्रेटरींकडे जाऊन सांगू, असं चार-पाच दिवस म्हणत राहिलो. मग काम दुसरीकडे गेलं आणि आता सांगून काय उपयोग, असं म्हणायला लागलो. मला स्वतःची लाज वाटायची, आणि लाज वाटते एवढ्यावरच मी समाधान मानत होतो. वर्षभरात माझी बदली झाली. मिस्त्री अखेरपर्यंत फॅक्टरीत फिटर राहिले. विहिरीवरचे ते नऊ कॅम, मी ऐकतो, अजून फिरताहेत. कॅम भाजायचं काम मात्र त्यांनी पुन्हा घेतलं नाही.

सोनाळ्याला जाता-येता मी दर वर्षी त्यांच्याकडे जायचो. या बारा-तेरा वर्षांत एकदाही त्यांच्या बोलण्यात कडवटपणा आला नाही. इंदूची विचारपूस, माझ्या नव्या गावच्या जनावरांची चौकशी, स्वतः केलेला एखादा नवा मोजायचा जुगाड दाखवणं. एकदा बाहेरगावच्या एका पाहुण्यासमोर त्यांनी माझी ओळख करून दिली, "हे आमचे डॉक्टर. ढोराले इंजेक्शन देतानी त्याच्याशी बोलते, तवा त्याले दुखत नाई." हे त्यांनी कधी पाहिलं होतं कोण जाणे.

चौदा दिवस उलटून गेल्यावर मी चिखलीला गेलो. मंजुळावहिनी ओसरीवर बसल्या होत्या. मी बसलो, पाणी प्यायलो, आणि इकडचं तिकडचं काही न बोलता सांगून टाकलं, की त्या वेळी मी जवसाचं तेल घातलं होतं, आणि सगळ्यांसमोर खोटं बोललो. वहिनी पदराशी चाळा करत राहिल्या.

"आमाले मालूम होतं," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी घरात आले अन् मले म्हने, मंजुळा, माह्याच हातून चूक झाली. म्या चार मानसांत इचारलं. चार मानसांत मानूस दुसरं काय सांगन? एकट्यात इचारलं असतं त डॉक्टरनं सांगतलं असतं."

"मग पुन्हा कधी एकट्यात विचारलं का नाही?" मी म्हणालो.

"म्या बी म्हनलं. त म्हने, आता इचारलं त हिशेब मांगतल्यासारखं होईन. त्याईले सांगाचं असन तवा सांगतीन, आपुन जागा ठेवाची. म्हनून त तुमी निंगाले का कोपऱ्यावरोक येत होते तुमच्या संगं. पाय दुखत होते या दोन वर्सात, तरी येत. मले म्हनत, तू नको येऊ."

खरं होतं. दर वर्षी निघताना ते टोपी सारखी करून माझ्याबरोबर चालू लागायचे. आळीच्या कोपऱ्यावर कडुनिंब आहे, तिथे थांबायचे. काही बोलायचे नाहीत. मी एस.टी.ची वेळ बघत उभा, ते जमिनीकडे बघत उभे. थोड्या वेळानं म्हणायचे, "बरं मंग... या." मला वाटायचं, म्हाताऱ्याचा पाय निघत नाही. मी घाईघाईनं नमस्कार करून सुटायचो.

वहिनींचा निरोप घेऊन मी निघालो. दिवस बराच वर आला होता. कडुनिंबाखाली एक शेळी बांधलेली होती, बाकी कुणी नव्हतं. मी उभा राहिलो, ते थांबायचे तितका वेळ थांबलो, आणि मोठ्यानं म्हणालो, "मिस्त्री, जवसाचं होतं." सायकलवरून जाणाऱ्या एकानं वळून पाहिलं. उत्तराची वाट बघावी तसा मी आणखी जरा थांबलो. माझी एस.टी. तोवर निघून गेली होती.